नाव दायमाबाद, पण गाव बेचिराग!

प्रवरेकाठच्या एका ओसाड गावाची ही हकिगत. राजेरजवाड्यांची नव्हे, चुलीची, पाट्याची आणि पाण्याच्या घागरीची.

इतिहास म्हटलं की किल्ले, लढाया आणि सनावळ्या हे आपल्याकडे ठरलेलंच! मुलांचा अभ्यास घेताना आपणही तेच घोकून घेतो. नगर जिल्ह्याचंच बघा ना. १४९० साली मलिक अहमदानं वसवलेलं शहर, भुईकोट किल्ला, तो लढवणारी चांदबिबी, चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाई, एवढं सांगितलं की संपलं. अहिल्याबाईंचं नाव २०२४ साली जिल्ह्यालाही मिळालं, आणि आता तो अहिल्यानगर झाला. पण बोलताना आपल्या तोंडी अजून ‘नगर’च येतं.

मैत्रिणींनो, या सगळ्या गोष्टी फार तर पाचशे वर्षांतल्या. त्याच्याही तीन हजार वर्षं आधी याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठावर, बायका सकाळी उठून चूल पेटवत होत्या, धान्य वाटत होत्या, पोरांना न्हाऊमाखू घालत होत्या. त्यांचं नाव कुठे लिहिलेलं नाही. कारण लिहून ठेवायची रीतच तेव्हा आपल्याकडे नव्हती. पण त्यांच्या घरची जमीन, त्यांच्या चुलीची राख, फुटकी भांडी, माळेतले मणी हे सगळं मातीखाली शाबूत राहिलं. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद हे ते ठिकाण.

नावाची गंमत आधी सांगते. ‘दायम’ म्हणजे कायम, आणि ‘आबाद’ म्हणजे वसलेलं. दायमाबाद म्हणजे सदा वसलेलं गाव! आणि हे गाव आहे मात्र ओसाड. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही त्याला आपल्याकडे बेचिराग म्हणतात, त्यातलं हे. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. पण आपल्या पायाखाली बाराशे वर्षांची वस्ती झोपली आहे याची त्याला कल्पना असणं शक्य नव्हतं.

ओलं लुगडं पिळावं तसा पाऊस

दायमाबाद कळायला हवं असेल तर आधी प्रवरा नदी समजून घ्यायला हवी. ही नदी अकोले तालुक्यात, रतनगडाच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. भंडारदऱ्याचं धरण तिच्यावरच आहे. इंग्रजांच्या अमदानीत ते बांधून १९२६ साली पुरं झालं. तिथून रंध्याच्या धबधब्यावरून उडी घेऊन ती सपाटीवर येते, अकोल्यावरून, संगमनेरवरून पुढे सरकते, राहुरी-श्रीरामपूरचा मुलूख भिजवते, नेवाश्याजवळ मुळेला पोटात घेते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. सारा प्रवास दोनशे किलोमीटरच्या आसपासचा. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे एस.टी.नं जाताना आपण याच संगमापाशी पूल ओलांडतो आणि बसमधल्या बायका हात जोडून नदीत नाणं टाकतात!

आता या नदीची एक खोड लक्षात ठेवा. तिच्या माहेरी, म्हणजे घाटमाथ्यावर, पाऊस नुसता कोसळतो. भाताची खाचरं तुडुंब भरतात. आणि तिच्या सासरी, श्रीरामपूर-नेवाश्याकडे, वर्षाकाठी पाऊस पडतो अवघा वीस इंचांच्या आसपास. ओलं लुगडं पिळून दोरीवर टाकावं आणि मग त्यातून थेंब थेंब गळावेत, तसं हे आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर पिळून निघतात, आणि उरलेलं शिंतोडाभर पाणी देशावरच्या वाट्याला येतं. म्हणून या पट्ट्यात नदी हाच जीव. ज्यांच्या हाती विहीर खणायला लोखंडी पहार नव्हती, जमीन नांगरायला लोखंडी फाळ नव्हता, त्यांनी नदीच्या काठाला बिलगून राहावं यात नवल नाही.

काठाची जमीन तरी कशी? काळीभोर, कापसाची. पावसात चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली. आपल्या खेड्यांत अजून ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेतीची जमीन, आणि पांढरी म्हणजे गावठाण, घरांची जागा. पांढरी पांढरी का, याचं उत्तर आपल्याच हातात आहे. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेणसारवण, चुना हे सारं त्याच जागी मुरत जातं, आणि मूळची काळी जमीन राखी रंगाची होते. जुन्या वस्त्या हुडकणारे संशोधक नदीकाठची अशी पांढरीची टेकाडं बघत हिंडतात. म्हणजे आपण बायकांनी सुपात भरून उकिरड्यावर टाकलेली राख हीच त्यांची खूण!

एकाखाली एक पाच घड्या

दायमाबादचं टेकाड पुरातत्त्व खात्याचे बी. पी. बोपर्डीकर यांच्या नजरेला १९५८ साली पडलं. मग १९५८-५९ साली म. न. देशपांडे यांनी, १९७४-७५ साली एस. आर. राव यांनी आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे खणून पाहिलं. पाच मीटरहून जास्त जाडीचा, म्हणजे सोळासतरा फुटांचा, वस्तीचा थर निघाला.

एवढी उंची होते कशी, असं तुम्ही विचाराल. सोपं आहे. मातीचं घर वीसपंचवीस वर्षांनी खचतं. मग ते पाडायचं, माती तिथेच सपाट करायची, चोपायची, आणि वर नवं घर बांधायचं. सुनेच्या घराची जमीन सासूच्या घराच्या जमिनीपेक्षा वीतभर वर! असं शतकानुशतकं चाललं की टेकाड होतं. कपाटात लुगड्यांच्या घड्या एकावर एक ठेवतो ना, सगळ्यांत जुनी सगळ्यांत खाली. उत्खननातही तोच हिशेब.

दायमाबादला अशा पाच घड्या सापडल्या. सगळ्यांत खालची इसवी सनापूर्वी २२००च्या सुमाराची. खानदेशात तापीकाठी सावळदा म्हणून गाव आहे, तिथे अशी भांडी आधी मिळाली म्हणून हिला सावळदा संस्कृती म्हणतात. दुसरी घडी तर आश्चर्याचीच. ती आहे उत्तर हडप्पा काळाची. शाळेच्या पुस्तकातलं मोहेंजोदडो-हडप्पा आपण सिंधमध्ये आणि पंजाबात सोडून येतो, पण त्या परंपरेतली माणसं इथे प्रवरेकाठी नांदत होती! सिंधू लिपीतली अक्षरं असलेल्या मातीच्या बटणासारख्या मुद्रा आणि अक्षरं कोरलेली खापरं इथे मिळाली. कच्च्या विटांनी बांधलेली एक कबर मिळाली. तिच्या विटा ३२ सेंटिमीटर लांब, १६ रुंद आणि ८ जाड. लांबी रुंदीच्या दुप्पट, रुंदी जाडीच्या दुप्पट. हडप्पाच्या विटांचं हेच माप. चार घरच्या चार बायका चार गावी नांदायला गेल्या तरी माहेरची पोळी लाटायची पद्धत सोडत नाहीत, तसं!

तिसरी घडी खास इथलीच, तिला दायमाबाद संस्कृती असंच नाव दिलं आहे. चौथी माळव्याशी नातं सांगणारी. या काळातली घरं ऐसपैस, आयताकृती. मातीच्या भिंतींत लाकडी खांब रोवलेले, जमीन लिंपलेली, दाराशी पायऱ्या. आणि सगळ्यांत वरची, पाचवी घडी जोर्वे संस्कृतीची. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळातली.

हे जोर्वेही आपल्या जिल्ह्यातलंच. संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्याच काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली तिथे उत्खनन केलं. पुढे महाराष्ट्रात जिथे जिथे तशीच भांडी सापडली तिथल्या जीवनाला ‘जोर्वे संस्कृती’ म्हणू लागले. जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या लहानशा गावाचं नाव छापलेलं आहे, आणि आपण संगमनेरला लग्नाला जाऊन येतो तरी आपल्याला पत्ता नसतो!

दायमाबाद सगळ्यांत भरभराटीला आलं ते याच जोर्वे काळात. वस्तीचा पसारा ३० हेक्टरांच्या घरात, म्हणजे जवळजवळ पंचाहत्तर एकर. भोवती बुरूज असलेला मातीचा तट. मधून रस्ता आणि बोळ. घरांत सापडलेल्या वस्तूंवरून उत्खनन करणाऱ्यांनी अंदाज बांधला, की हे कुंभाराचं, हे मणी घडवणाऱ्याचं, हे चुना भाजणाऱ्याचं, हे खाटकाचं, आणि हे व्यापाऱ्याचं. म्हणजे बारा बलुतेदारांच्या आपल्या गावगाड्याची आठवण व्हावी असा कारभार.

चला स्वयंपाकघरात

आता आपल्या हक्काच्या जागी येऊ. इथली माणसं खात काय होती? दायमाबादला जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. दाणा जळला की कुजत नाही, म्हणून हजारो वर्षं टिकतो. त्यावरून कळतं की जव हे महत्त्वाचं धान्य. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, आणि रानातली बोरं. कुळथाचं पिठलं करणाऱ्या मैत्रिणींनो, तुमचा कुळीथ साडेतीन हजार वर्षांचा जुना आहे बरं का! नदीचे मासे होते, शिकार होती, घरची गाय, शेळी, मेंढी होती.

आणि काय नव्हतं तेही ऐका. मिरची नव्हती. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा यांपैकी काही नव्हतं. ही सगळी मंडळी पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेकडून इकडे आली, म्हणजे पुरती पाचशे वर्षंसुद्धा झाली नाहीत. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय नगरकडचं जेवण कसं असेल, याची कल्पना करून बघा!

दळण कसं? गोल फिरणारं जातं आपल्याकडे त्यानंतर पुष्कळ शतकांनी आलं. तोवर मोठ्या पाट्यावर गुडघे टेकून, पुढे झुकून, दगडानं दाणे रगडायचे. घरातल्या आठदहा माणसांचं पीठ असं पाट्यावर करायचं म्हणजे रोजचे किती तास जात असतील, आणि कंबर, खांदे, गुडघे यांची काय दशा होत असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मिक्सरचं भांडं फिरवताना आपण कधी कधी कुरकुरतो, तेव्हा या बायकांची आठवण काढावी.

भांडी मात्र पाहत राहावीत अशी. जोर्वे पद्धतीची भांडी चाकावर घडवलेली, नारिंगी-लाल रंगाची, आणि वर काळ्या रेघांची नक्षी: तिरप्या रेषा, जाळी, त्रिकोण. आपण बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघतो. ही भांडी इतकी खणखणीत भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. कडेला धार असलेले वाडगे, उंच गळ्याचे रांजण, आणि तोटी असलेली भांडी ही यांची खासियत. तोटीच्या भांड्यातून पाणी किंवा दूध थेंबही न सांडता ओतता येतं. ज्यानं कुणी पहिल्यांदा ही तोटी केली, त्याच्या मागे ‘सांडतंय हो सारखं’ म्हणून भुणभुण लावणारी बायको नक्की असली पाहिजे!

तांबं होतं, पण थोडं आणि महाग. कुऱ्हाडी, मणी, बांगड्या अशा मोजक्या वस्तू त्याच्या करायच्या. रोजची चिरायची-कापायची हत्यारं गारगोटीच्या जातीच्या दगडांची, ब्लेडसारखी पातळ पाती काढलेली.

एका पोरीची माळ की पोराची?

प्रवरेनं खाली वाहत जाऊ तसं नेवासे लागतं. नेवासे म्हणजे ज्ञानेश्वरांचं. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली, आणि ज्या खांबाला टेकून ते बसले असं मानतात तो खांब आपण डोळे भरून पाहतो. पण त्याच नेवाश्याच्या टेकाडात डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून काही वर्षं उत्खनन केलं, तेव्हा दायमाबादच्या जोर्वे काळासारखीच वस्ती तिथेही निघाली. आणि तिथे एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतल्या धाग्याचा कण टिकून राहिला. प्रयोगशाळेत तपासला, तर तो रेशीम आणि कापूस यांचा निघाला!

तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तो धागा कातला, मणी ओवले, आणि आपल्या लेकराच्या गळ्यात घातले. ती पोर होती की पोर होता, नाव काय, आजार कोणता, काही कळत नाही. तांब्यासारखी महागाची वस्तू मूल गेल्यावर काढून घेतली नाही, एवढं मात्र कळतं.

आता जे सांगते ते वाचताना पोटात कालवेल, पण टाळून चालणार नाही. जोर्वे काळात मोठी माणसं गेली की त्यांना खड्ड्यात निजवून पुरत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तर मृताची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळली. गेलेलं माणूस घर सोडून भटकू नये असा काही समज असावा. लहान मूल गेलं, तर दोन घागरी घ्यायच्या, त्यात त्याला ठेवायचं, घागरींची तोंडं एकमेकींना जोडायची, आणि आडव्या पुरायच्या. कुठे? गावाबाहेर नव्हे. राहत्या घराच्या जमिनीखाली! शेजारी लहान भांड्यांतून खाणं-पिणं ठेवायचं. वर माती चोपून, सारवून पुन्हा तिथेच वावरायचं.

दायमाबाद, नेवासे, इनामगाव, सगळीकडे हीच रीत. आणि अशा घागरी एकदोन नाहीत, पुष्कळ आहेत. संशोधक म्हणतात की मूल परत त्याच घरी, त्याच कुशीत यावं अशी त्यांची श्रद्धा असेल. असेलही. पण आपण बायका इतकं तर सांगू शकतो, की ते बाळ दूर अंधारात ठेवायला त्या आईचा जीव धजला नसेल. रोज सारवताना हात त्याच्यावरून फिरायचा, तेवढाच.

या बाळांच्या हाडांचा आणि दातांचा पुढे बारकाईनं अभ्यास झाला. दुधाच्या दातांवर आजारपणाच्या आणि उपासमारीच्या खुणा उमटतात, हाडांची वाढ खुंटलेली कळते. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीपर्यंतसुद्धा ‘दहा झाली, चार जगली’ असं सहज सांगायच्या. आज लसीचं कार्ड कपाटात जपून ठेवणारी आई कुठल्या लांबच्या वाटेवरून इथवर आली आहे, ते अशा घागरींकडे पाहिलं की कळतं.

झाडाच्या मुळाशी रथ

दायमाबादचं नाव जगात गाजलं ते मात्र एका वेगळ्याच गोष्टीमुळे. साल १९७४. भिल्ल समाजातला एक गावकरी झाडाचं मूळ खणत होता, आणि कुदळ धातूवर आपटली. वर काय निघालं? काशाच्या चार मूर्ती! एक रथ, त्याला जुंपलेले दोन बैल, आणि मागे उभा असलेला सारथी. एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. सगळ्या भरीव ओतीव. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. रेडा ३१ सेंटिमीटर उंच, हत्ती २५, गेंडा १९. चारींचं मिळून वजन ६० किलोंहून अधिक!

आपल्या घरी पोळ्याला मातीचे बैल आणतो, लहान मुलं चाकाचा हत्ती दोरीनं ओढतात, अगदी तसलाच घाट. रेडा आणि गेंडा चाकांवरच उभे आहेत. पण साठ किलो धातूचं खेळणं पोराच्या हाती कोण देईल? मिरवणुकीसाठी, देवाच्या कार्यासाठी त्या असाव्यात असं वाटतं. या मूर्तींच्या काळाबद्दल संशोधकांत एकमत नाही. डॉ. म. के. ढवळीकर यांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. धातूच्या घडणीवरून काहींनी शंका काढली. तज्ज्ञांचा वाद चालू दे, आपल्याला त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. या मूर्ती चोरबाजारात वितळल्या नाहीत किंवा परदेशी विकल्या गेल्या नाहीत. त्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. नुकताच १९७२चा दुष्काळ भोगलेल्या मुलखात साठ किलो काशाचा मोह किती मोठा असेल, याचा विचार करा.

मग गाव उठलं कसं?

बाराशे वर्षं नांदतं राहिलेलं हे गाव इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास ओस पडलं. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर पन्नासेक पिढ्या इथे नांदल्या, आणि मग थांबल्या. नेवासेही तेव्हाच उठलं, आणि तिथे पुन्हा वस्ती झाली ती आठएकशे वर्षांनी, सातवाहनांच्या काळाच्या सुमारास. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यात घरोघरच्या चुली विझल्या. भीमेच्या खोऱ्यात इनामगावची माणसं तेवढी आणखी दोनतीनशे वर्षं चिकाटीनं टिकली. पण ऐसपैस चौकोनी घरं जाऊन तिथे लहान लहान गोल झोपड्या आल्या. नक्षीची भांडीही साधी झाली. ओढगस्तीचा संसार कसा दिसतो ते आपल्याला ओळखू येतं.

कारण काय? डॉ. ढवळीकर यांनी पावसावर बोट ठेवलं. पाऊसमान कमी कमी होत गेलं, नद्या आटल्या, आणि शेती परवडेना, असं त्यांचं मत. अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी दायमाबाद, नेवासे आणि इनामगाव इथल्या मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ साली पुस्तक लिहिलं. नुसत्या अवर्षणावर सगळं ढकलून भागणार नाही, तोंडं वाढली आणि जमिनीला ते झेपेनासं झालं, हाही हिशेब धरला पाहिजे, असा त्यांचा सूर आहे.

मैत्रिणींनो, कुठलंही कारण धरा, त्याची पहिली झळ कुठे लागली असेल? घराच्या कणगीला आणि पाण्याच्या घागरीला. घरात धान्य किती महिने पुरेल हे आधी बाईला कळतं. नदीतला डोह आटला, झरा खोल गेला, हेही पाणी आणणारीलाच आधी कळतं. दायमाबादच्या कुठल्या तरी बाईनं ‘यंदा पुरणार नाही’ असं म्हटलं असेल. मग एक घर गेलं, दुसरं गेलं. गाव कुणी जाळलं नाही की लुटलं नाही. ते हळूहळू उठून गेलं. आणि जमिनीखालच्या त्या घागरी तिथेच राहिल्या. आपलं घर सोडताना त्या बायांना सगळ्यांत जड काय गेलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

आज त्याच प्रवरेकाठी दृश्य निराळं आहे. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यानं आलं, उसाचे फड उभे राहिले, लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना निघाला. वीस इंच पावसाच्या मुलखात बारमाही हिरवळ आली. घरोघर समृद्धी आली, मुली कॉलेजात जाऊ लागल्या, हे चांगलंच झालं. पण कालव्याखालच्या काही जमिनी जादा पाण्यानं खारावून चोपणही झाल्या, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा याच तालुक्यांत टँकरची वाट पाहावी लागते. वरून पडणारा पाऊस दायमाबादच्या बायांच्या वाट्याला जेवढा होता त्याहून फार निराळा नाही. धरण आपल्याला आहे, त्यांना नव्हतं, इतकंच. म्हणून नळाची तोटी ठिबकत असेल तर ती आजच बदलून घ्या, धुण्याचं शेवटचं पाणी अंगणातल्या झाडांना घाला, आणि उसाला किती पाणी द्यायचं याची चर्चा घरात निघाली, तर ‘हे पुरुषांचं बोलणं’ म्हणून उठून जाऊ नका. कणगीचा हिशेब तुमचा आहे.

जाल तेव्हा एवढं करा

शिर्डी, शिंगणापूर, नेवासे या वाटेनं आपल्यातल्या पुष्कळजणी जातात. वाटेत प्रवरा लागली की मुलांना बस थांबेपर्यंत एवढं तरी सांगा, की सिंधू संस्कृतीची माणसं इथवर आली होती. दायमाबादला देऊळ नाही, शिखर नाही, मातीची घरं मातीत मिसळली आहेत. तरी कधी जाणं झालंच, तर खापराचा तुकडा आठवण म्हणून पर्समध्ये टाकू नका. कुठला तुकडा कुठल्या थरात पडला आहे, यावरूनच संशोधक काळ ठरवतात. जागेवरून हलवला की तो मुका होतो.

मुंबईला वस्तुसंग्रहालयात आणि पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात सुट्टीत मुलांना आवर्जून न्या. आणि गावाकडे घराचा पाया खणताना, विहीर उपसताना, शेत सपाट करताना जुनं भांडं, नाणं, मूर्ती काही हाती लागलं, तर ते मोडीत घालू नका, सोनाराकडे नेऊ नका. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर कलेक्टर कचेरीत द्यावी लागते. तालुक्याच्या तहसीलदारांकडे गेलात तर पुढची वाट कळते. घरातली कर्ती माणसं ‘कशाला भानगड’ म्हणतील, तेव्हा दायमाबादच्या त्या गावकऱ्याचं उदाहरण सांगा.

आणि पुढच्या वेळी मुलं ‘इतिहास म्हणजे नुसत्या लढाया’ म्हणून कंटाळा करू लागली, की त्यांना स्वयंपाकघरात बोलवा. डब्यातला कुळीथ दाखवा, पाटा-वरवंटा दाखवा, माठाला टिचकी मारून दाखवा. लढाया करणाऱ्यांचा इतिहास पुस्तकात आहेच. हा आपला आहे, आणि तो सांगायचं काम आपलंच आहे.